खारेपाटणच्या मेस्त्रींना

मेस्त्रीनू, नमस्कार.

नाव विचारायचं राहिलंच. नंबर मागितला तर तुम्ही म्हणालात, "नंबर कशाक? गाडी परत बिघाडतली असा वाटता काय?" म्हणून हे पत्र असं उघड्यावर लिहितोय. खारेपाटणात कुणी ना कुणी वाचेल आणि तुमच्या कानावर घालेल.

चतुर्थीच्या आदल्या दिवशीचे आम्ही. डोंबिवलीची गाडी, मागच्या सीटवर आई आणि तिच्या मांडीवर मखराचं सामान. हातखंब्यापासून पावसाने झोडपलं होतं. राजापूर सोडल्यावर प्रत्येक चढाला गाडी आचके द्यायला लागली, आणि महिनाभर कधी लागणारा, कधी विझणारा तो इंजिनाचा पिवळा दिवा चक्क उघडझाप करू लागला. गणपतीच्या शाळेतून मूर्ती आणायची ती संध्याकाळी. आईचा जप सुरू.

तुमच्या दारात आल्या आल्या मी म्हणालो, "मेस्त्री, तेवढा दिवा घालवून द्या." आता लाज वाटते, पण मला तीच सवय लागली होती. आमच्याकडच्या एका गॅरेजने स्कॅनर लावून बिघाडाचा कोड पुसला, आठशे रुपये घेतले. चार दिवसांत दिवा परत. मग मी यूट्यूब बघून टाकीचं झाकण घट्ट केलं, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवली. घड्याळ बारावर गेलं, दिवा तीन दिवस गप्प बसला. मी खूश.

तुम्ही दिव्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "लाईट घालवूक मिनिट लागना नाय. पण ती कित्याक बोंबलता ता बघूक नको?"

मग स्टिअरिंगखालच्या सॉकेटला तुमचा तो टेप गुंडाळलेला स्कॅनर लावलात. पी०३०३. शेवटचा तीन म्हणजे तिसरा सिलिंडर, तिथे पेट्रोल नीट पेटत नाहीये. दिवा नुसता लागून राहिला तर गाडी सावकाश दाखवली तरी चालतं, पण लुकलुकला की न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या डब्यात जाऊन जळतं आणि तो तापून वितळतो, हे मला त्या दिवशी कळलं. गाडी घेऊन आठ वर्षं झाली होती. कोड पुसण्याआधी तुम्ही त्याच्यासोबत साठलेले आकडेही वाचलेत आणि मला न विचारताच सांगितलंत, की हे चढावर, ॲक्सिलरेटर दाबलेला असताना झालंय. बॅटरी काढली की ही सगळी नोंदही पुसली जाते, हेही तेव्हाच समजलं. म्हणजे महिनाभर मी पुरावाच धुऊन काढत होतो.

धुण्यावरून आठवलं. वरचं प्लॅस्टिकचं कव्हर काढून तिसरी कॉईल, म्हणजे प्लगला ठिणगीची वीज देणारी, उपसलीत तर तिचं रबर ओलं, आतली स्प्रिंग तांबारलेली आणि रबराला खालपासून वर केसाएवढी चीर. प्लगच्या खड्ड्यात चमचाभर पाणी. "ह्या पावसाचा पाणी न्हय. इंजिनासकट धुतलंस काय?" धुतली होती हो, निघायच्या आदल्या दिवशी, प्रेशरने, गणपतीला गाडी चकचकीत हवी म्हणून! तुम्ही प्लगला हात लावला नाहीत. आधी हवा मारून खड्डा कोरडा केलात, नाहीतर ते पाणी सिलिंडरमध्ये उतरलं असतं. मग प्लग काढलात, त्याचं टोक पेट्रोलने काळं, ओलं.

दुसरा कुणी असता तर तिथेच कॉईल, प्लग, पेट्रोल फवारणारा इंजेक्टर अशी यादी केली असती. तुम्ही प्लग पुसून जागेवर बसवलात, तिसरी कॉईल दुसऱ्यावर लावलीत, दुसरी तिसऱ्यावर, कोड पुसलात आणि मला शेजारी बसवून चढावर एक फेरी मारलीत. परत आल्यावर स्कॅनरवर पी०३०२. खोट कॉईलबरोबर सरकली होती. प्लग निर्दोष, इंजेक्टर निर्दोष. एवढं सोपं, एवढं स्वच्छ अनुमान मी आमच्या ऑफिसातल्या मीटिंगमध्येही पाहिलेलं नाही.

तुमचा भाचा भर पावसात बाईकवरून नवी कॉईल घेऊन येईपर्यंत तुमच्या आईने माझ्या आईला आत नेलं, चहा दिला. दोघींचं कुळथाच्या पिठीवरून जे सुरू झालं ते गाडी तयार झाल्यावरही संपेना. कॉईलचे दुकानदाराने घेतले तेवढेच, आणि तुमचे दोनशे. मी पाचशेची नोट पुढे केली तर तुम्ही तीनशे परत केलेत आणि म्हणालात, आता कोड पुसलाय, पण गाडीची स्वतःची तपासणी पुरी व्हायला दोन-चार दिवसांची धाव लागते. तोवर दिवा गप्प राहिला म्हणून नाचायचं नाही.

नाचलो नाही. गौरी-गणपती झाले, विसर्जन झालं, परतीला तेच चढ एसी लावून चढलो. दिवा लागला नाही. इंजिनावर पुन्हा पाण्याचा फवारा मारलेला नाही.

आणखी एक. तुमच्या आईने निघताना माझ्या आईच्या हातात दिलेली काळी छत्री अजून आमच्याकडेच आहे. शिमग्याला येतोय, तेव्हा घेऊन येतो.