आधी बूड बघा, मग टोक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या क्रीडा पुरवणीतला नेमबाजीच्या साहित्यावरचा लेख वाचला. रायफल, जॅकेट, बूट यांची माहिती उत्तम आहे. गोळीला मात्र एकच वाक्य मिळालंय, ‘टोक जितकं निर्दोष, तितका नेम पक्का’, आणि ते मला अजिबात पटलेलं नाही.

मी मूळचा कोल्हापूरचा. सध्या ओहायोत राहतो आणि इथल्या क्लबात एकबारी रायफलीने, स्वतः ओतलेल्या शिशाच्या गोळ्यांनी २०० यार्डांवर नेमबाजी करतो. इथे ते कायद्यात बसतं. आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय दारूगोळा बनवायला बंदी आहे, तेव्हा हे वाचून कुणी घरी शिसं वितळवायला बसू नये.

गोळीचा नेम टोकापेक्षा बुडावर, म्हणजे तिच्या मागच्या बाजूवर, जास्त अवलंबून असतो. मॅसॅच्युसेट्समधल्या डॉ. फ्रँकलिन मान यांनी मुद्दाम टोकं बिघडवलेल्या आणि मुद्दाम बुडं बिघडवलेल्या गोळ्या झाडून पाहिल्या आणि १९०९मध्ये निष्कर्ष छापले. टोक बिघडलं तर फारसा फरक पडत नव्हता, बूड तिरकं झालं की गोळ्या भरकटत होत्या. कारण सरळ आहे. नळीतून सगळ्यात शेवटी बाहेर पडतं ते बूड. त्याचा काठ एका बाजूने दबलेला असेल तर मागचा वायू त्या बाजूने आधी निसटतो आणि नेमक्या सुटण्याच्या क्षणी गोळीला कलवतो. पुढे लक्ष्यापर्यंत ती चूक वाढतच जाते.

ओतताना सगळी गोम साच्यावरच्या पोलादी पट्टीत असते. तिच्या भोकातून शिसं आत जातं आणि नेहमीच्या साच्यात गोळीचं बूड तिच्याच पोटाशी तयार होतं. पट्टी थंड असली की काठ गोल येतो. फार घट्ट आवळली की आतली हवा कोंडते आणि तरीही काठ गोलच येतो. सैल असली की बुडाला पातळ पापुद्रा सुटतो. पट्टीवर शिशाचा चांगला मोठा थेंब राहू द्यावा लागतो, कारण गोळी थिजताना आकसते आणि लागेल तेवढं शिसं वरून ओढून घेते. तो थेंब ओला असतानाच घाईने कापला तर बुडाच्या मधोमध खड्डा पडतो किंवा शिसं फरफटतं. मिश्रणात दोनेक टक्के कथील असलं की काठ कसा लख्ख भरतो! माझी प्रत्येक गोळी दिव्याखाली भिंगातून जाते. काठ सगळीकडून धारदार दिसला पाहिजे, नखाला लागला पाहिजे. नाहीतर ती परत भांड्यात. वजनाचा काटा त्यानंतर. इथे पुष्कळजण आधी वजन करतात. मला ते उलटं वाटतं, कारण काठावरून निघालेला कपचा काट्याला जाणवेलच असं नाही, भिंगाला तो लगेच दिसतो. काही जुने साचे तर टोकाकडून ओतायचे असतात, म्हणजे कापण्याची खूण बुडावर पडतच नाही.

हे सगळं कोल्हापूर-पुण्याच्या मुलांच्या कामाचं आहे. १० मीटर एअर रायफलचा ४.५ मिलिमीटरचा छर्रा मागून पोकळ असतो आणि त्याचा घेर, म्हणजे त्या पोकळीभोवतीची कड, अगदी पातळ असतो. डबी हातातून पडली, छर्रे खिशात खुळखुळले, की आधी चेपतो तो हा घेर. मी सुट्टीत आलो तेव्हा एका रेंजवर मुलं डबी बाकावर पालथी करून छर्रे वेचताना पाहिली. रायफलीला लाखो रुपये मोजणाऱ्या पालकांना हे कुणीतरी सांगायला हवं. छर्रे फोमच्या खाचांत उभे ठेवा, मागची बाजू उजेडात बघा, चेपलेला बाजूला काढा. वेगवेगळ्या लॉटचे, म्हणजे कारखान्यातल्या वेगवेगळ्या खेपांचे, छर्रे आपल्याच रायफलीत झाडून बघा आणि जो जमेल त्याच लॉटचा साठा घ्या. आणि हाताळून झाल्यावर हात साबणाने धुवा, ते शिसं आहे.

तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि पॅरिसला २०२४मध्ये कांस्य जिंकणारा स्वप्निल कुसाळे यांच्या जिल्ह्यात आज शाळकरी मुलं मोठ्या संख्येने या खेळात येताहेत. पुढच्या पुरवणीत अर्धं पान छर्रे आणि गोळ्यांच्या तपासणीला द्यावं, आणि सोबत चांगल्या व चेपलेल्या छर्ऱ्याचे मागच्या बाजूचे मोठे फोटो छापावेत, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक कोल्हापूरकर वाचक
ओहायो, अमेरिका