बिजागरी मागितली, तारीख मिळाली : ग्राहक व्यवहार मंत्र्यांना इंदूरहून खुलं पत्र

प्रति,
माननीय केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्री,
नवी दिल्ली

माननीय महोदय,
सा. न. वि. वि.

आपला वेळ मोलाचा आहे, म्हणून चार ओळींत आटपायचं ठरवलं होतं. पण काल ग्राहक आयोगात जे झालं त्यानंतर चार ओळी पुरणार नाहीत.

काल माझ्या लॅपटॉपच्या तुटलेल्या बिजागरीच्या तक्रारीची अकरावी तारीख होती. लॅपटॉप कंपनीचे वकील उभे राहिले. हे तिसरे. आधीच्या दोघांनी ‘कागद वाचायला वेळ द्या’ म्हणत प्रत्येकी तीन-तीन तारखा घेतल्या होत्या. हे तिसरे म्हणाले, हे मॉडेल आता बंद झालं आहे, त्याचं झाकण कंपनीकडेच शिल्लक नाही, त्यामुळे दुरुस्तीचा प्रश्नच उरत नाही. मात्र सौजन्य म्हणून कंपनी नव्या लॅपटॉपवर दहा टक्के सूट देईल. मी तक्रार केली तेव्हा पार्ट होता, आणि तो वॉरंटीत द्यायला नकार दिला म्हणून तर भांडण. भांडण तारखेवर तारीख चालत राहिलं, तोवर पार्टच वारला. आता म्हणे भांडायला काही उरलं नाही!

मी रामबागेत राहते आणि घरून मराठी-हिंदी कंपोझिंग करते. मुंजीच्या पत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं, गणपतीत मंडळाची कार्यक्रमपत्रिका, कुणाच्या पंचाहत्तरीची पुस्तिका. काम छोटं आहे, पण घर त्यावर चालतं. २०२२ च्या धनत्रयोदशीला ५८,९९० रुपयांना लॅपटॉप घेतला. हळदकुंकू वाहिलं, पेढे वाटले. ऑगस्ट २०२३ मध्ये, म्हणजे वर्षही व्हायचं होतं, एका सकाळी झाकण उघडलं तर उजव्या कोपऱ्यातून ‘कट्’ असा आवाज आला आणि प्लास्टिक फाकलं. पडला नव्हता, आपटला नव्हता, पाणी सांडलं नव्हतं. उघडला, बस.

सर्व्हिस सेंटरवाल्या मुलाने लॅपटॉप हातातही न घेता काउंटरपलीकडून सांगितलं, ‘फिजिकल डॅमेज, वॉरंटीत नाही.’ झाकण आणि स्क्रीन एकत्रच येतात म्हणे, सुटी बिजागरी मिळत नाही. खर्च २१,३०० अधिक अठरा टक्के जीएसटी, म्हणजे २५,१३४ रुपये. एका बिजागरीपायी किमतीच्या चाळीस टक्क्यांहून जास्त! दाराची बिजागरी तुटली तर सुतार भिंत पाडून नवी बांधा म्हणत नाही.

तिथून थेट जेल रोडवर नॉव्हेल्टी मार्केटला गेले. दिल्लीत बसून कळायचं नाही, पण इंदूरची निम्मी कंप्युटरं त्या गल्ल्यांतल्या कारागिरांच्या जिवावर चालतात. एकाने पाच मिनिटांत झाकण सोडवलं आणि म्हणाला, ‘भाभीजी, ये तो होना ही था.’ चिमट्याने एक पितळी नट उचलून माझ्या तळहातावर ठेवला. तुरीच्या डाळीएवढा. असे तीन-चार नट प्लास्टिकच्या बोंड्यांत बसवलेले असतात आणि पोलादी बिजागरीचा सगळा जोर त्यांच्यावर येतो. बिजागरी घट्ट, प्लास्टिक पातळ. रोज उघडमीट करून करून एक दिवस बोंडी फुटते. माझी चूक एवढीच, की लॅपटॉप उघडत होते. ‘सातशे में जमा दूँगा, दो साल चलेगा,’ तो म्हणाला.

तेव्हाच हो म्हणायला हवं होतं. पण मी पडले सुशिक्षित बाई. टीव्हीवर ‘जागो ग्राहक जागो’ ऐकत मोठी झालेली. म्हटलं, हे जमवून घेतलं तर पुरावाच जाईल. नट कागदाच्या पुडीत बांधून घरी आणला आणि जानेवारी २०२४ मध्ये तक्रार दाखल केली. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही, वकील लागत नाही, राहत्या गावी तक्रार करता येते. हे सगळं खरं आहे, मान्य. पुढचंही ऐका.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचं कलम ३८ मला आता रामरक्षेसारखं पाठ आहे. समोरच्या पक्षाला नोटीस पोचल्यापासून तीन महिन्यांत निकाल, आणि प्रयोगशाळेत तपासणी लागली तर पाच महिन्यांत. कंपनीने उत्तर तीस दिवसांत द्यायचं, फार तर आणखी पंधरा. त्या पंचेचाळीस दिवसांपुढे एकही दिवस नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये ठणकावून सांगितलं आहे. पुरेसं कारण असल्याशिवाय तारीख वाढवायची नाही, वाढवली तर कारण लेखी नोंदवायचं. वाचून डोळे भरून येतात. पण त्याच कलमात एक शब्द आहे, ‘प्रयत्न’. तीन महिन्यांत निकालाचा प्रयत्न करावा. महोदय, माझ्या सासूबाई १९९० पासून साखर सोडायचा प्रयत्न करताहेत.

तेवीस महिने झाले. रिक्षाचे एका फेरीला २४० धरा, झेरॉक्स, शपथपत्रं, नोटरी, आणि प्रत्येक तारखेला बुडालेला दिवस. माझ्या वहीत आकडा सतरा हजारांच्या घरात जातो. दोन-पाचशे इकडेतिकडे असतील, सीए लावून तपासलेलं नाही. सातशेचं काम होतं.

या तेवीस महिन्यांत लॅपटॉप कसा चालतो, तेही सांगते. स्क्रीन मागे कलंडते म्हणून तिला कणकेचा डबा टेकवलेला असतो. उजव्या कोपऱ्याला कागदाचा काळा चिमटा. लग्नसराईत संध्याकाळी सातला गिऱ्हाईक ‘ताई, प्रूफ’ म्हणून दारात, आणि आतून सासूबाई, ‘अगं, कणीक मळायची कधी?’ डबा काढला की पत्रिका झोपते, नाही काढला तर घर उपाशी. आता केबलही काचायला लागली आहे. एका विशिष्ट कोनात स्क्रीनवर हिरवी रेघ येते. मागच्या वैशाखात त्या रेघेखाली ‘चि. सौ. कां.’ मधला ‘कां.’ गेला आणि दोनशे पत्रिका मला पदरच्या पैशाने पुन्हा छापून द्याव्या लागल्या. नवा घे म्हणणं सोपं आहे. माझ्या जुन्या मराठी फॉंटचा परवाना याच मशीनला बांधलेला आहे, तो वेगळा रडका अध्याय. त्याचं पत्र दुसऱ्या मंत्र्यांना लिहावं लागेल.

आता तुमच्याबद्दल. तुमच्या खात्याने २४ डिसेंबर २०२२ ला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. मी उघडून पाहिलं. कंपन्यांचे फोन नंबर आहेत, सर्व्हिस सेंटरचे पत्ते आहेत. म्हणजे ज्या काउंटरवरून मला हाकललं, तिथे परत जायचा रस्ता आहे. याला हक्क म्हणतात? ही तर टेलिफोन डिरेक्टरी झाली. मे २०२५ मध्ये तुमच्या समितीने दुरुस्ती-निर्देशांकाचा, म्हणजे वस्तू किती सहज दुरुस्त होते याला गुण देण्याचा, अहवाल दिला, पण सुरुवात मोबाइल आणि टॅबलेटपासून. लॅपटॉपवाल्यांनी तोवर डबे धुऊन ठेवावेत.

फ्रान्सने जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपवर दुरुस्तीचे गुण छापायला लावले, दुकानात किमतीशेजारी. कॅलिफोर्नियात जुलै २०२४ पासून शंभर डॉलरवरच्या यंत्राचे पार्ट आणि माहिती सात वर्षं द्यावी लागते, तीही कुठल्याही दुरुस्तीवाल्याला. कंपन्या काही बुडाल्या नाहीत. तिकडे झुकतात, इकडे आम्हाला दहा टक्क्यांचं कूपन. आणि आपल्याकडे हा विचार नवा आहे असंही नाही. २०१४ साली स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना सुटे भाग बाहेरच्या गॅरेजना देत नाहीत म्हणून सुमारे अडीच हजार कोटींचा दंड सुनावला होता. पुढे? पुढे अपील. या देशात कंपनीला अपील असतं आणि माणसाला तारीख असते.

मला खरा संताप येतो तो पुढच्या गोष्टीचा. आमचं इंदूर २०१७ पासून स्वच्छतेत पहिलं. रोज सकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत येते, ओला वेगळा, सुका वेगळा, इलेक्ट्रॉनिक वेगळा. ई-कचऱ्याचे नवे नियम एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यात कंपन्यांना पुनर्चक्रणाचं लक्ष्य दिलं आहे, आधी साठ टक्के, मग सत्तर, २०२७-२८ पासून ऐंशी. म्हणजे माझा लॅपटॉप चिरडला गेला पाहिजे याची कायद्याने सोय आहे, टक्केवारीसकट. तो चालता राहावा म्हणून तुरीच्या डाळीएवढा तुकडा आणि त्याखालचं प्लास्टिक द्या, अशी सक्ती मात्र कुणावर नाही. तेराव्याचं सामान तयार आणि औषधाची चिठ्ठी लिहायला डॉक्टर नाही.

मागणं फार नाही. विकलेल्या मॉडेलचे सुटे भाग किमान सात वर्षं, छापील किमतीला, नॉव्हेल्टी मार्केटच्या कारागिरालाही मिळावेत. बिजागरी सुटी मिळावी. आणि तक्रार चालू असताना ज्या पार्टवरून वाद आहे, तो पार्ट कंपनीने राखून ठेवलाच पाहिजे, ‘संपला’ म्हणाली तर पूर्ण किंमत परत, त्याच दिवशी. हे तिसरं लिहायला मला कालपर्यंत सुचलंही नव्हतं. इतका निर्लज्जपणा आपल्या कल्पनेत नसतो.

येत्या २४ डिसेंबरला पुन्हा ग्राहक दिन आहे. दिल्लीत दीपप्रज्वलन होईल, तुम्ही भाषण कराल, एखादं नवं पोर्टल निघेल. कृपा करून पोर्टल काढू नका.

माझी पुढची तारीख १९ जानेवारी. नटाची पुडी घेऊन जाणार आहे, लॅपटॉप घेऊन जाणार आहे, आणि तिथे तो उघडून दाखवायचा तर कणकेचा डबाही न्यावा लागेल.

आपली,
एक ग्राहक (जागी)
रामबाग, इंदूर

ता. क. : वरच्या मजकुरात कुठे अनुस्वार राहिला असेल तर तो हिरव्या रेघेखाली आहे असं समजावं.