साखर 180 आली तरी चालेल, बाबा जेवलेत ना?

ती. आईस,
साष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे, वेळेवर जेवते, झोपते, हे आधीच लिहून टाकते, नाहीतर तू सगळं सोडून तेच शोधत बसशील. ड्यूटीचं काही नवीन नाही, ते तुला पाठ आहे. फोन रोज होतो खरा, पण तू स्पीकर लावतेस आणि बाबा शेजारीच असतात, मग काही गोष्टी घशातच राहतात, म्हणून हे एवढं टाइप करतेय. दादाला मोठ्या अक्षरात प्रिंट काढायला सांग.

आधी परवाच्या रात्रीबद्दल सॉरी. मी ड्यूटीवर, बाबांच्या हातावरच्या साखर मोजणाऱ्या सेन्सरचा अलार्म माझ्या खिशातल्या फोनवर ओरडायला लागला, साखर 54 आणि बाण सरळ खाली. तुमच्याकडे पहाटेचे तीन. मी सात वेळा फोन लावला, सगळं घर उठवलं, वहिनी साखरेचं पाणी घेऊन धावली आणि बोटाला टोचून बघितलं तर 121! बाबा सेन्सरच्या हातावर झोपले होते, बस. त्या जागेवर दाब आला की सेन्सर खोटीच कमी साखर दाखवतो, कूस बदलली की थोड्या वेळाने आपोआप सुधारतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही, मी रोज पेशंटना हेच समजावते, की आधी बोटाला टोचून बघा मग घाबरा. पण तिथे पेशंटचा आकडा असतो. दादा म्हणाला तू तिकडे बसून आम्हाला झोपू देत नाहीस. बरोबर आहे त्याचं. अलार्म आता मी बंद केलाय, म्हणजे आवाज बंद केलाय, बघते अजूनही.

तू विचारलंस की शेजारच्यांनाही डायबिटीस आहे, ते एक गोळी घेऊन हिंडतात, मग आपल्याच घरी एवढं अवघड का. अगं, त्यांचं पॅनक्रियाज, म्हणजे स्वादुपिंड, जागेवर आहे, इन्सुलिन बनतं पण शरीर नीट वापरत नाही. बाबांचं तसं नाही. पॅनक्रियाजमधल्या कॅन्सरच्या ट्यूमरमुळे आणि मग ऑपरेशनमध्ये भाग काढल्यामुळे इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच कमी झाल्या, आणि साखर खाली गेली की ती वर ओढणारं ग्लुकॅगॉन नावाचं हार्मोनसुद्धा तिथलंच, तेही कमी. म्हणजे वर जायला वेळ लागत नाही आणि खाली आली तर सावरणारं कोणी नाही. याला टाइप 3सी म्हणतात. म्हणून काकांना सांग, इन्सुलिन सुरू झालं ही शेवटची पायरी वगैरे काही नाही, जे कमी पडलंय ते बाहेरून देतोय एवढंच. आणि शेजारच्यांच्या गोळ्या बाबांना चालतील का हे कृपया परत विचारू नकोस, काही नवीन औषधांनी भूक मरते आणि वजन उतरतं, ज्यांना वजन घटवायचंय त्यांना ते बरं, बाबांचं वजन आधीच किती उतरलंय तुला माहीत आहे.

वजनाचं निघालंच आहे तर. गेल्या वर्षी बाबांची साखर अचानक वाढली आणि सात-आठ किलो कमी झाले तेव्हा व्हिडिओ कॉलवर मीच म्हटलं होतं, वा बाबा, छान बारीक झालात. मी, नर्स. पन्नाशी उलटल्यावर नवीन डायबिटीस आणि सोबत कारण नसताना वजन कमी, हे पॅनक्रियाजच्या कॅन्सरचं लक्षात घेण्यासारखं लक्षण असतं. तसे नवीन डायबिटीस झालेल्या शंभरात जेमतेम एखादाच असा निघतो, बाकीच्यांचा साधाच असतो, म्हणून तू त्या डॉक्टरांना बोल लावत बसू नकोस. मीही लावत नाही. तो विषय संपला.

आता इथली एक गंमत सांगते, तू ऐकून हसशील. इथे माणसाला इन्सुलिन द्यायच्या आधी त्याचं पूर्ण नाव आणि जन्मतारीख विचारायची असते. प्रत्येक वेळी. एक पेशंट आजोबा तीन आठवडे त्याच पलंगावर आहेत, मी त्यांना रोज अंघोळ घालते, त्यांच्या नातवाच्या परीक्षेचे मार्क मला माहीत आहेत, तरी सकाळी विचारायचं, तुमचं नाव काय, जन्मतारीख काय, दुपारी परत, रात्री परत, आणि त्यांनी उत्तर दिलं की हातातल्या पट्टीशी जुळवायचं. वर माझ्यासोबत दुसरी नर्स उभी राहून पेनावरचा आकडा स्वतः वेगळा वाचणार, मी वाचलेला ऐकून नाही हं, वेगळा. सुरुवातीला मला वाटायचं ही माणसं एकमेकांवर विश्वासच ठेवत नाहीत. एका आजींनी तर वैतागून मला खोटी तारीख सांगितली, मग अर्धा तास कागद झाले. पण कारण असं की इन्सुलिन चुकलं तर ते परत काढून घेता येत नाही. आणि युनिट हा शब्द पूर्ण लिहायचा, इंग्रजीतलं एक अक्षर लिहून भागवायचं नाही, कारण घाईत लिहिलेलं ते अक्षर शून्यासारखं दिसतं आणि 4 चे 40 होतात. म्हणून तुझ्या वहीत तू आकड्यापुढे जो गोल काढतेस ना, तो बंद. ‘युनिट’ लिही, नाहीतर नुसता आकडा लिही. वहीचे फोटो मी रोज बघते, इथे साखर वेगळ्या मापात मोजतात, तुमचा आकडा 18 ने भागला की इथला येतो, तुमचे 180 म्हणजे इथले 10. तू 180 ला लाल पेनाने गोल करतेस आणि खाली लिहितेस, ‘आज जरा भात जास्त झाला, चूक माझी’. आई, चूक कसली? जेवले ना ते?

खरं सांगायचं तर बाबांसाठी 180 अगदी चांगला आकडा आहे. 70 च्या खाली नको, आणि 270 च्या वर खूप वेळ नको, म्हणजे तहान, सारखी लघवी, अंगातलं पाणी कमी होणं, इन्फेक्शन हे टळतं. पंधरा-वीस वर्षांनी डोळे-किडनीचं काय होईल या हिशोबाने कडक साखर ठेवतात, ती गणितं बाबांना लावायची नाहीत. का, ते मी लिहीत नाही. कोणीतरी सांगितलंय ना की साखर खाल्ली की कॅन्सर वाढतो, त्या माणसाला माझा नमस्कार सांग आणि दार लाव. गोड बंद केल्याने गाठ उपाशी राहत नाही, बाबा राहतात. तो काढासुद्धा डॉक्टरांना न दाखवता देऊ नकोस. जेवणाचं इन्सुलिन त्यांनी आधी घेतलं आणि दोन घास खाऊन उठले तर पंचाईत होते, म्हणून डॉक्टरांना एकदा विचार की जेवण झाल्यावर लगेच, जेवढं पोटात गेलं त्या हिशोबाने दिलं तर चालेल का. आम्ही बऱ्याच जणांना तसं देतो. पण रात्रीचं लांब चालणारं इन्सुलिन आपल्या मनाने बंद करायचं नाही, भूक नसली तरी, त्याचं फोन करून विचारायचं.

केमोनंतरचे दोन-तीन दिवस आकडे बघून घाबरू नका. उलटी होऊ नये म्हणून स्टिरॉइड देतात ना, त्याने दुपारी-संध्याकाळी साखर उसळते आणि सकाळी उपाशीपोटी बघावं तर ठीक. म्हणून त्या दिवसांत संध्याकाळची तपासणी चुकवू नका. तळपायही बघत जा, केमोने बोटं बधिर होतात, त्यात डायबिटीस, चप्पल लागलेली कळणार नाही त्यांना.

आता त्या कॅप्सूल, पॅनक्रियाजच्या पाचक रसाऐवजी देतात त्या. तू म्हणालीस आता शौचाला बरं होतंय, तेलकट नाही, वजनही अर्धा किलो वाढलं. बघ, पहिल्या घासासोबत घ्यायच्या, मोठं जेवण असेल तर मधे एक, जेवण झाल्यावर घेऊन उपयोग नाही. अन्न नीट पचायला लागलं की साखर थोडी वर जाते, म्हणजे बिघडलं नाही, इन्सुलिनचा डोस फक्त परत बघून घ्यावा लागतो.

पण एक राहिलंय. त्या कॅप्सूल डुकराच्या पॅनक्रियाजपासून बनवतात. बाबांनी आयुष्यात अंडं खाल्लं नाही आणि मी फोनवर ‘पचनाचं औषध आहे’ एवढंच म्हटलं. पेशंटला मी हे पहिल्या दिवशी सांगते, त्याच्या धर्माचं, मनाचं काय असेल ते त्याला ठरवू देते. बाबांना नाही सांगितलं. ते नको म्हणतील आणि परत वजन उतरेल याची भीती वाटली. तोडीस तोड दुसरं औषध नाही म्हणून तेच घ्यावं असं माझं मत आहे, पण मी त्यांना विचारायला हवं होतं. रविवारी फोनवर मीच सांगेन. तू आधी काही बोलू नकोस.

पैसे काल टाकलेत. सेन्सर दोन आठवड्यांत संपतो, पुढच्या तीन महिन्यांचे त्यातच आलेत, दादाने परत करायची भाषा करू नये, रात्रीचं जागरण तो करतोय, मी बटणं दाबतेय. डिसेंबरची रजा नाकारली नाही अजून, मंजूरही नाही.

आणि लग्नाचं. बाबा दर फोनला विचारतात, आणि तू मागून ‘राहू दे हो’ म्हणतेस, ते मला ऐकू येतं. एक जण आहे. आठ-नऊ महिने झाले. घरचे हे सगळं चालू असताना कोणत्या तोंडाने सांगू असं वाटत होतं, आणि तुला कळलं असतं तर तू बाबांना तासाभरात सांगितलं असतंस. फोटो दादाला पाठवलाय, त्याच्याकडून बघ, रागावायचं असेल तर माझ्यावर रागाव. आम्ही तिकडे येऊन साधं रजिस्टर करणार. तारीख तुम्ही काढा, फक्त केमोच्या आठवड्यातली नको, दुसऱ्या आठवड्यातली बघा, तोपर्यंत स्टिरॉइड उतरलेलं असतं आणि बाबांच्या तोंडाला चव आलेली असते. कॅप्सूल मी माझ्या पर्समध्ये ठेवीन.

तुझी
धाकटी