'इर'ची तीन बिऱ्हाडं

पुणे, रविवार

प्रिय माधवी,

तुझं पत्र काल वाचलं. लेकीकडे व्हॅलेन्सियाला जायचं म्हणून स्पॅनिश शिकायला घेतलंस, 'आब्लार'सारखी सरळ क्रियापदं महिन्याभरात तोंडपाठ केलीस आणि 'इर'च्या, म्हणजे 'जाणे'च्या, कोष्टकापाशी येऊन वही मिटलीस. "हे एक क्रियापद नाहीच, कुणीतरी थट्टा केलीय," असं तू लिहिलंयस. पहिला अर्धा भाग अगदी बरोबर आहे. ते एक क्रियापद नाहीच.

आधी लिपीचं सांगते. स्पॅनिशमध्ये इंग्रजी 'व्ही'चं अक्षर 'ब'सारखं उच्चारतात, म्हणून मी खाली सगळं कानाला ऐकू येतं तसं लिहिते आहे. 'वोय' नाही, 'बोय'.

लॅटिनमधली तीन वेगवेगळी क्रियापदं 'इर' या एका वाड्यात बिऱ्हाडं करून राहतात. पहिलं 'ईरे', म्हणजे जाणे. नाव त्याचंच आहे, पण खोल्या थोड्या: इर, इबा, इरे, इरीआ, इदो, येंदो, इद. दुसरं 'वादेरे', म्हणजे पावलं टाकत पुढे जाणे. वर्तमानकाळ जवळजवळ सगळा त्याचा: बोय, बास, बा, बामोस, बाईस, बान, शिवाय बाया, बायास ही मंडळी आणि आज्ञार्थातलं बे. तिसरं तर मुळात 'जाणे' नव्हेच, ते आहे 'असणे'. त्याचं फुई, फुइस्ते, फुए, फुइमोस, फुइस्तेइस, फुएरोन. तुझं कोष्टक या तीन रंगांनी रंगव. मग दिसेल की प्रत्येक बिऱ्हाड आपापल्या परीनं बरंच नियमात वागतं.

आणि नाक मुरडू नकोस. आपण 'जातो' म्हणतो आणि 'गेला' म्हणतो. यातला 'जा' संस्कृत 'या' धातूवरून आलेला, 'गेला' हा 'गम्'च्या 'गत'वरून. परभाषकाला मराठी शिकवताना 'जा'चा भूतकाळ 'जाला' का नाही, याचं उत्तर देऊन बघ एकदा.

तुझी खरी तक्रार 'फुई'बद्दल आहे. 'फुई' म्हणजे 'मी गेले' आणि 'फुई' म्हणजेच 'मी होते', मग कळायचं कसं? कळतं. 'फुई प्रोफेसोरा' म्हणजे मी शिक्षिका होते. 'फुई आ ला एस्कुएला' म्हणजे मी शाळेत गेले. मधला तो एवढासा 'आ' बहुतेक वेळा सगळा निकाल लावतो. लॅटिनमधल्या 'ईरे'चा भूतकाळ अगदीच तोकडा होता, बोलताना हातातून निसटेल असा. आणि 'मी तिथे होते' यातून 'मी तिथे गेले होते' हा अर्थ आपोआप निघतोच. लोकांनी दणकट रूप उचललं आणि जाण्यासाठीही वापरलं. बाकी एखाद्या जुन्या स्पॅनिश पुस्तकात 'फुए'च्या डोक्यावर तिरकी रेघ दिसली, तर गोंधळू नकोस. 1959 पर्यंत ती द्यायची पद्धत होती, मग स्पॅनिश भाषेच्या अकादमीनं काढून टाकली.

पण हे मी तुला काय सांगते! मडगावच्या तुझ्या मावशी पोर्तुगीज शाळेत शिकलेल्या. त्यांना विचार, 'मी गेले'ला काय म्हणता? 'फुई'च म्हणतील. 'मी होते'ला? तेही 'फुई'. ही गंमत पोर्तुगीजमध्येही तशीच आहे. फरक पडतो तो अपूर्ण भूतकाळात, म्हणजे 'जात असे'च्या रूपात. लॅटिन 'ईबाम'मधला 'ब' स्पॅनिशनं जपला, म्हणून 'इबा'. पोर्तुगीजनं गिळला, म्हणून 'ईआ'. तुझ्या कानात लहानपणापासून अर्धं 'इर' पडलेलं आहे. पुण्यातल्या माझ्या विद्यार्थ्यांच्या वाट्याला हे भाग्य नाही.

'इबा' आणि 'फुए' यांत कुठलं कधी, यावर पाठ्यपुस्तकं पानंच्या पानं खर्च करतात. मराठी माणसाला त्याची गरज नाही, कारण आपल्या व्याकरणात रीतिभूतकाळ आहे. 'आजोबा रोज तळ्यावर जात' किंवा 'जायचे', इथे 'इबा'. 'एके दिवशी तळ्यावर गेले आणि परत आले नाहीत', इथे 'फुए'. 'जाई' आणि 'गेला' यांतला फरक तुला चौथीत कळला होता, तोच हा. वर 'इबा'चा एक फार कामाचा उपयोग आहे: 'इबा आ यामार्ते', म्हणजे 'तुला फोन करणारच होते'. लेकीचा फोन आला की पहिलं वाक्य तयार! आणखी एक समाधान: अपूर्ण भूतकाळात अनियमित क्रियापदं अख्ख्या भाषेत तीनच आहेत, 'सेर' (असणे), 'इर' आणि 'बेर' (बघणे). बाकी सगळी मुकाट रांगेत.

भविष्यकाळावर फार वेळ घालवू नकोस. इरे, इरास, इरा, इरेमोस, इरेइस, इरान. यात अनियमित काही नाही. मूळ क्रियापदाला 'आबेर' या साहाय्यक क्रियापदाची शेपटी जोडली आहे, 'इर' अधिक 'ए', म्हणजे 'मला जायचं आहे'. हे नेब्रिहानं 1492 सालच्या आपल्या कास्तिलियन, म्हणजे स्पॅनिश, व्याकरणातच ओळखलं होतं, ज्या वर्षी कोलंबस निघाला त्याच वर्षी. 'इरीआ', म्हणजे 'गेले असते' किंवा 'जाईन, जमलं तर', हेही तसंच बनलेलं. बोलताना मात्र लोक 'बोय आ' वापरतात: 'बोय आ कोमेर', जेवणार आहे. 'बामोस आ बेर', बघू या. म्हणजे वर्तमानकाळातली सहा रूपं आली की भविष्यकाळाचं निम्मं काम झालं.

आता तू जिथे वही मिटलीस ते पान, सुब्जुंतिबो, म्हणजे इंग्रजीतलं सब्जंक्टिव्ह. 'बाया, बायास, बाया, बायामोस, बायाइस, बायान'. (हो, माहीत आहे. 'बाया' शब्दावर माझा प्रत्येक वर्ग हसतो. हसून घे, मग पुढे जाऊ.) नियम सांगतो की 'मी'चं वर्तमानकाळी रूप घ्या, शेवटचा 'ओ' काढा, नवा प्रत्यय लावा. पण 'बोय'च्या शेवटी 'ओ' नाहीच, तर काढणार काय? म्हणून 'इर' नियमाबाहेर. त्याच कारणासाठी बाहेर राहिलेले आणखी पाच आहेत: दार, एस्तार, आबेर, साबेर, सेर. सहाच आहेत, घोकून टाक.

रूपं पाठ होतात. अडतं ते वापराशी, कारण पुस्तकं 'शंका, इच्छा, भावना' अशी यादी देतात आणि ती यादी वाचून कुणालाच काही कळत नाही. त्यापेक्षा दामल्यांचं मराठी व्याकरण आठव, आपल्याला शाळेत त्याचंच सार शिकवलं होतं: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. जिथे मराठी विध्यर्थाकडे वळते, तिथे स्पॅनिश बहुधा सुब्जुंतिबोकडे वळते. 'तू जावंस असं मला वाटतं', 'किएरो के बायास'. आणि आपला तो 'जावो'! दिवाळी सुखाची जावो, असं आपण म्हणतो ना? निरोप घेताना स्पॅनिश माणूस म्हणतो 'के ते बाया ब्येन', तुझं सगळं नीट चालो. 'बाया' इथे अक्षरशः 'जावो'च्या जागी बसतो. हे एक वाक्य व्हॅलेन्सियाच्या विमानतळापासून भाजीवाल्यापर्यंत सगळीकडे ऐकशील.

मराठी दगा देते ती एका ठिकाणी, आणि तिथे जपून. 'मी स्पेनला जाईन तेव्हा' असं आपण सरळ भविष्यकाळात बोलतो. स्पॅनिशमध्ये 'क्वांदो इरे' चालत नाही. 'क्वांदो बाया आ एस्पान्या' असंच हवं. जे अजून घडलेलं नाही ते 'क्वांदो'नंतर सुब्जुंतिबोतच जातं. तसंच 'सि'चं, म्हणजे 'जर'चं. 'जर'च्या वाक्यात भविष्यकाळ कधीच नाही. 'सि बोय', गेले तर, जाण्याचा बेत आहे. 'सि फुएरा आ माद्रिद, इरीआ आल प्रादो', समजा माद्रिदला गेलेच, तर प्रादो संग्रहालयात चक्कर टाकेन. 'सि उबिएरा इदो', गेले असते तर. आता वेळ गेली. हा शेवटचा आपला चोख संकेतार्थ. 'फुएरा'ऐवजी 'फुएसे' दिसलं तरी दचकू नकोस, इथे ते जुळं भावंडच आहे.

'फुएरे' मात्र तुझ्या कोष्टकात शेवटच्या रांगेत असेल, त्यावर फुली मार. तो भविष्यकाळी सुब्जुंतिबो आता कायद्याच्या कागदात आणि म्हणींत उरला आहे: 'आदोन्दे फुएरेस, आस लो के बिएरेस', जिथे जाशील तिथले करतात तसं कर. पण मावशींना विचारशील तर त्या म्हणतील, यात जुनं काय? पोर्तुगीजमध्ये तो ठणठणीत जिवंत आहे. 'क्वांदु फोर', जाईन तेव्हा. 'सि देउश किझेर', देवाच्या मनात असेल तर, हे त्यांच्या तोंडी हजारदा ऐकलं असशील, त्यातलं 'किझेर' तेच रूप. स्पॅनिश माणूस त्याच जागी साधा वर्तमानकाळ घालतो, 'सि दिओस किएरे'. एकाच आईच्या लेकी, एकीनं दागिना मोडला, दुसरी अजून घालते.

आज्ञार्थाची मजा वेगळीच. एकाला 'बे', जा. हेच 'बे' म्हणजे 'बघ'सुद्धा, म्हणून लोक 'बेते' म्हणणं पसंत करतात, निघ आता. अनोळखी माणसाला आदरानं 'बाया'. 'चला, निघू या' म्हणजे 'बामोनोस'. आणि नातवंडांना, दोघांना मिळून, 'इद'. हे 'बोसोत्रोस'चं रूप, म्हणजे जवळच्या अनेकांसाठीचं. लॅटिन अमेरिकेत ते नाही, तिथे सगळ्यांना 'बायान'. तुझ्या वर्गात 'बोसोत्रोस'ची ओळ गाळायला सांगतात असं लिहिलंयस. मेक्सिकोला जाणार असतीस तर मीही म्हटलं असतं, गाळ. व्हॅलेन्सियाला जाणारीनं गाळून कसं चालेल?

या 'इद'वरून स्पेनमध्ये चांगलाच गदारोळ झाला होता. 'निघा रे' हे शुद्ध बोलायचं तर 'इदोस'. प्रत्यक्षात असं जवळपास कुणी म्हणत नाही, सगळे 'इरोस' म्हणतात. 1713 पासून भाषेवर पहारा ठेवणाऱ्या स्पॅनिश अकादमीनं 2017 साली 'इरोस'लाही मान्यता दिली, फक्त याच क्रियापदापुरती. शुद्धतावाद्यांनी कपाळावर हात मारला. मला विचारशील तर अकादमीनं शहाणपणा केला. तू खुशाल 'इरोस' म्हण.

अर्जेंटिनात तर आणखी वेगळं. तिथे 'तू'ला 'बोस' म्हणतात आणि 'बोस'साठी 'इर'ला आज्ञार्थाचं रूपच नाही, म्हणून शेजारच्या 'आंदार', म्हणजे चालणे, या क्रियापदाकडून उसनं घेतात: 'आंदा', शेवटच्या 'आ'वर जोर देऊन. चौथं बिऱ्हाड म्हण हवं तर.

एक शेवटचं, तुझ्या नातवंडांसाठी. व्हॅलेन्सियाच्या शाळांत त्यांच्या कानावर वालेन्सियन, म्हणजे कातालानचीच बोली, पडत असणार. स्पॅनिशमध्ये 'बोय आ इर' म्हणजे 'मी जाणार आहे'. वालेन्सियनमध्ये 'बाच आनार' म्हणजे 'मी गेले'! 'बाच' आणि 'बोय' दोन्ही त्याच 'वादेरे'ची लेकरं, पण एक पुढे नेतं आणि दुसरं मागे. मुलं दोन्ही बोलतात आणि त्यांचं काही अडत नाही. तुझं अडलं, तर त्यांनाच विचार.

आता गृहपाठ. कोष्टक पुन्हा लिहून काढू नकोस, त्यापेक्षा मला आठ-दहा वाक्यं पाठव, सगळी तुझ्या जाण्याबद्दलची. तिकीट कधीचं, कुणाबरोबर जाणार, पूर्वी कुठे कुठे गेलीस, लहानपणी सुट्टीत कुठे जायचीस, लेकीनं आधी मडगावला यावं असं तुला वाटतं का (हे 'बेनिर'चं, म्हणजे 'येणे'चं, पण करून बघ), आणि व्हिसा वेळेवर नाही आला तर काय. त्यात एकदा तरी 'क्वांदो बाया' आणि एकदा 'सि फुएरा' यायलाच हवं. तपासून लाल शाईनं परत पाठवीन, जुनी खोड आहे.

मावशींना नमस्कार सांग. त्यांच्याकडून 'इर'चा पोर्तुगीज वर्तमानकाळ तेवढा लिहून घे, मलाही हवा आहे.

तुझी,
शुभा