मने, झोपलीस का?

अंबाजोगाई,
सोमवार, रात्र

चि. मनीस,
अनेक आशीर्वाद.

परवा तू मधेच फोन ठेवलास. नंतर मी दोनदा लावला, तू उचलला नाहीस. म्हणून लिहायला बसलो. झोप लागते का गं? तुझ्या खोलीतली मुलगी आईला म्हणाली, तू तीन-तीनपर्यंत दिवा चालू ठेवतेस, आणि समोर फिजिक्सचं पुस्तक नसतं.

'फ्रँकेन्स्टाइन' मी वाचलं. वाचनालयातून आणलं, शेजारी डिक्शनरी घेऊन रोज दुकान बंद केल्यावर वाचत बसलो. मला तीन आठवडे लागले. तू ते इंग्रजीतून चार रात्रींत संपवलंस, हे मी गल्लीत सगळ्यांना सांगितलंय.

पण चार रात्री, मने. अकरावीचं वर्ष आहे. पहाटे उठून क्लासला जायचं, वर मेसचं जेवण. झोप नाही झाली तर डोक्यात काय शिरणार? आईच्या पाटल्यांचं तुला माहीत आहे...

नको. हे लिहायचं नाही असं ठरवून बसलो होतो. माफ कर.

तू म्हणालीस, "बाबा, राक्षस तो नाहीच. त्याला जन्माला घालून पळून गेला, तो राक्षस." मी ते पान दोनदा वाचलं. व्हिक्टरने बनवलेला तो जीव पलंगाचा पडदा बाजूला करतो, हात पुढे करतो, आणि व्हिक्टर जिना उतरून पळतो. पुढे तो बिचारा रात्री लाकडं तोडून त्या गरीब घराच्या दारात ठेवतो, भिंतीच्या फटीतून बघत बोलायला शिकतो. आंधळा म्हातारा त्याच्याशी नीट बोलतो आणि तेवढ्यात म्हाताऱ्याचा मुलगा येऊन त्याला काठीने मारतो. तिथे मी पुस्तक मिटून ठेवलं.

तू सहा वर्षांची होतीस. मागच्या पिंपळावर मुंजा आहे म्हणून आजीने सांगितलं, तर तू संध्याकाळी खिडकीत अर्धी भाकरी ठेवलीस. "त्याला आई नाही ना." आजी किती चिडली होती! त्या रात्री मात्र माझं बोट धरून झोपलीस. भाकरी त्याला, भीती तुला. अजून तसंच आहे का?

हे पुस्तक लिहिणाऱ्या मेरी शेलीलाही झोप आली नव्हती. १८१६ साली, जिनिव्हाच्या तळ्याकाठी, तुझ्याहून दोनच वर्षांनी मोठी. आदल्या वर्षी तांबोरा ज्वालामुखी फुटला होता, म्हणून तो उन्हाळा सगळा पावसात गेला. मिटल्या डोळ्यांपुढे तिला तो जीव हालचाल करताना दिसला. त्याच्या आदल्याच वर्षी तिचं तान्हं बाळ गेलं होतं. हे वाचल्यावर मला तुझ्या आईशी बोलता येईना.

फोन ठेवताना तू म्हणालीस, "तुम्हीपण मागे वळून पाहिलं नाही." खरं आहे. जूनमध्ये तुला लातूरला सोडलं आणि फाटकातून सरळ स्टँडवर गेलो. वळलो असतो तर तुला घेऊनच परत आलो असतो. पहिली एसटी सोडली, दुसरीही सोडली. संध्याकाळपर्यंत तिथेच बाकावर बसलो होतो.

रविवारी येतो. आई धपाटे करते आहे. तुला तिथे राहायचं नसेल तर तेव्हा सांग, मी रागावणार नाही.

रेक्टर मॅडमना फोन केला होता. दिवा रात्रभर चालू राहिला तरी चालेल म्हणाल्या. पण झोप गं.

तुझे,
बाबा