विषय: बी विंगचा मागचा दरवाजा, जिन्यातला दिवा आणि आपली ‘सतर्क राहा’ सूचना

प्रति,
मा. अध्यक्ष,
गृहनिर्माण संस्था, डोंबिवली (पूर्व)

स.न.वि.वि.

कमिटीने जिन्यात लावलेली ‘आजूबाजूला लक्ष ठेवा, सतर्क राहा’ ही सूचना वाचली. मोबाइलचा टॉर्च लावून वाचली, कारण तिच्या डोक्यावरचा दिवा १२ एप्रिलपासून बंद आहे.

मागच्या मंगळवारी संध्याकाळी साडेसातला मी भाजी आणि दूध घेऊन वर येत होते. रस्त्यावर जपायचं ते सगळं जपते. मंगळसूत्र पदराखाली, पर्स रस्त्याच्या उलट बाजूच्या खांद्यावर, किल्ली आधीच हातात. मागून येणारी मोटारसायकल हळू झाली की सरळ समोरच्या दुकानात शिरते. आणि एवढं करून घरी पोचावं, तर दुसऱ्या मजल्याच्या वळणावर अंधारात कोणीतरी उभं! मी किंचाळले, दुधाची पिशवी पायरीवर फुटली. निघाला कुरियरवाला. पोरगा माझ्याहून जास्त घाबरला होता. २०३ चं पार्सल होतं. आत कसा आलास विचारलं तर म्हणाला, “दरवाजा उघडाच होता, काकू.”

उघडाच असतो. २०३ चे गृहस्थ सकाळी कुत्र्याला फिरवायला नेताना मागच्या दरवाजाला वीट लावतात, ती रात्रीपर्यंत तिथेच. तीनदा मी ती उचलून फेकली, तर चौथ्या दिवशी पेव्हर ब्लॉक आला, तोही सोसायटीचाच. त्यांचे चिरंजीव कानात इअरफोन घालून इंटरकॉमचं बटण दाबतात. ‘कोण आहे?’ विचारायची त्या घरात पद्धत नाही. मला कोणाच्या भानगडीत पडायची सवय नाही, पण वहीत नोंद आहे: जून महिन्यात १९ दिवस दरवाजा उघडा.

हे सांगायला आले तेव्हा आपण हसून म्हणालात, “काकू, तुम्हीच जरा जपून राहा.” अहो, ३४ वर्षं पोस्टाच्या काउंटरवर काढली मी. साखळी खेचणाऱ्यासाठी भारतीय न्याय संहितेत आता ३०४ हे वेगळं कलम आहे, तेही मला माहीत आहे. पण पोलिसांना वर्णन सांगायचं तर आधी माणूस दिसायला हवा ना?

आदर्श उपविधींप्रमाणे लेखी तक्रारीवर पुढच्याच सभेत निर्णय घ्यायचा आणि तो पंधरा दिवसांत सभासदाला कळवायचा असतो. माझी ही चौथी तक्रार. आधीच्या तिन्हींची पोच आहे, उत्तर एकाचंही नाही. जिना मोकळा ठेवणं आगीच्या दृष्टीनेही गरजेचं आहे, हे २०३ च्या चपलांच्या रॅकबद्दल लिहिते. (माझ्या दारातली तुळस कोपऱ्यात आहे, कोणाच्या पायात येत नाही.)

बी विंगमधल्या सहा घरांचं हेच मत आहे. सह्या दोनच आहेत, कारण बाकीच्यांना २०३ शी वाईटपणा नको. तो मीच घ्यायचा.

मागच्या दरवाजाला आपोआप बंद होणारा क्लोजर बसवावा आणि २०३ ला लेखी समज द्यावी. तोंडी नको, तोंडी समज म्हणजे आपण दोघं चहा पिता.

दिव्यासाठी ९ वॅटचा एलईडी बल्ब मी आणून ठेवला आहे, पावती सोबत जोडली आहे. स्टुलावर चढायचं माझं वय नाही, त्यासाठी सोसायटीची शिडी लागेल. ती गेल्या दिवाळीपासून २०३ मध्ये आहे.

कळावे,
सभासद, बी-३०१