संक्रांतीचं वाण आत्ताच वेलीवर राखा

मा. संपादक,
स. न.

चैत्रगौरीची हळदीकुंकवं सुरू झाली आहेत. कैरीची डाळ, पन्हं, ओटीत भिजवलेले हरभरे, इतका सुटसुटीत हा सण आहे. मला लिहायचं आहे ते मात्र संक्रांतीच्या वाणाबद्दल. संक्रांत अजून लांब आहे, हे खरं. पण माझ्या मनात जे वाण आहे त्याची तयारी आत्ताच करावी लागते.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आपल्या इंदुरातल्या मराठी घरांत प्लास्टिकचे डबे, गाळण्या, साबणाच्या डब्या यांचा ढीग येतो. गरज कुणालाच नसते. एकमेकींना त्याच वस्तू फिरवल्या जातात आणि शेवटी त्या कचरागाडीत जातात. ओला-सुका कचरा वेगळा करण्यात आपण देशाला धडा घालून दिला, मग हा कचरा आपणच हौसेने घरात का आणावा? त्याऐवजी प्रत्येकीने आपल्या परसातल्या किंवा गच्चीवरच्या भाजीचं बी कागदाच्या पुडीत बांधून वाण म्हणून लुटावं. भेंडी, दोडका, गिलकं, काकडी, चवळी, जे असेल ते.

वेळही नेमकी जुळते. मालव्यात जानेवारीच्या रात्री पारा १० अंशांच्या आसपास असतो. त्या गारठ्यात पेरलेली भेंडी मातीतच कुजते. रथसप्तमीनंतर थंडी ओसरते, फेब्रुवारीच्या उत्तरार्धात माती उबदार होते. तेव्हा तीच भेंडी रात्रभर भिजवून लावली, की आठवडाभरात वर येते. म्हणजे हळदीकुंकवाहून आणलेली पुडी फार दिवस सांभाळायलाही नको.

कुणी म्हणेल, बी तर दुकानात मिळतंच. मिळतं, पण कसं? यंदा मी आणलेल्या कारल्याच्या पाकिटावर फोटो झकास होता. तपासणीची तारीख कुठेच नव्हती. बियांचे कडक कवच दगडावर घासून, ओल्या फडक्यात बांधून ठेवलं, तरी एकाही बीला मोड आला नाही. प्रमाणित बियाण्यात भेंडीची उगवण किमान ६५ टक्के, वांगी-टोमॅटोची ७०, दुधी-कारल्याची ६० टक्के असावी लागते. तारीखच नसेल तर घेणाऱ्याने पडताळायचं काय? शिवाय पुष्कळ पाकिटांत संकरित बी असतं. त्याचं पीक एकदा जोमदार येतं, पण त्याच फळातलं बी पुढच्या वर्षी पेरलं तर कुठला गुण उतरेल ते सांगता येत नाही. दरवर्षी नवं पाकीट आणणं आलंच. सरळ वाणाचं (इथे वाण म्हणजे बियाण्याची जात) तसं नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाची ‘परभणी क्रांती’ ही भेंडी सरळ वाणाची आहे. आपण राखलेल्या बियांतून पुढच्या वर्षीही तीच भेंडी येते, आणि पानं पिवळी पडण्याच्या रोगालाही ती बऱ्यापैकी दाद देत नाही.

भेंडीचं बी राखणं सोपं. अंगणातलं सगळ्यात निरोगी झाड निवडायचं, त्याच्या खालच्या दोन-तीन शेंगा तोडायच्या नाहीत. त्या तपकिरी होऊन शिरांवर तडकू लागल्या की उतरवायच्या. हे पावसाआधी व्हायला हवं, कारण ओल लागली की शेंगेत बुरशी शिरते.

वेलभाज्यांना जरा जास्त लक्ष द्यावं लागतं, आणि मला तर त्यातच खरा आनंद मिळतो. दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं, गिलक्याचं पहाटे. मादी फुलाच्या मागे करंगळीएवढा दोडका असतो, म्हणून ते लगेच ओळखू येतं. उद्या उमलेल अशी कळी आदल्या दिवशीच दोऱ्याने हलकेच बांधायची. शेजारच्या एका नर कळीलाही तसंच बांधायचं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या काढायच्या, मादी फुलाचा दोरा सोडायचा आणि पिवळा पराग आतल्या हिरवट टोकावर अलगद टेकवायचा. मग फूल पुन्हा बांधून देठाला रंगीत दोरा लावायचा, म्हणजे घरातलं कुणी तो दोडका भाजीला तोडणार नाही. हा खटाटोप का, तर गच्चीपलीकडच्या संकरित वेलीवरचा पराग किडे-माश्या घेऊन येतात. तो दोडका वेलीवरच वाळू द्यायचा. हलवला की आत बिया खुळखुळतात.

एक गोष्ट मात्र काटेकोर पाळायची. दुधी, दोडका, काकडी यांचं फळ कडू निघालं तर ते खायचं नाही आणि त्या वेलीचं बी अजिबात राखायचं नाही. कडू दुधीने माणसाला गंभीर विषबाधा होते. बी राखणारीने त्या वेलीचं एखादं फळ आधी कापून, जिभेला नुसता स्पर्श करून पाहावं. कडवट लागलं तर थुंकून चूळ भरावी.

माझ्या सासूबाई बी राखेत घोळवून पत्र्याच्या डब्यात ठेवत. आता चूल नाही, पण गोवऱ्यांच्या होळीची राख चाळून ठेवली तरी वर्षभर पुरते. पुडीवर भाजीचं नाव, बी कोणत्या महिन्यात धरलं तो महिना आणि सरळ वाण आहे की नाही, एवढं लिहावं. बी त्याच वर्षीचं असावं. कांद्याचं बी तर वर्षभरातच निकामी होतं.

आपल्या काळ्या मातीत नुसतं बी टोचून चालत नाही. पाणी दिल्यावर वर पापुद्रा धरतो आणि कोवळा कोंब त्याखाली अडकतो. त्यात कंपोस्ट मिसळावं. हे मी इंदूरकरांना सांगायला नको: आपल्याच शहरात, आज जिथे कृषी महाविद्यालय आहे तिथे, इंग्रज शेतीतज्ज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी पालापाचोळा, शेण आणि राखेचे थर रचून तीनेक महिन्यांत खत करण्याची रीत बसवली. १९३१ साली त्यांनी त्यावर पुस्तक लिहिलं आणि ‘इंदूर पद्धत’ जगभर गेली. वाडांचं नाव आपल्या मुलांना माहीत नसावं, याची मला फार खंत वाटते.

अक्षय तृतीयेपर्यंत घरोघरी बायका जमणारच आहेत. महिला मंडळांनी तिथेच ठरवून टाकावं, कोण कशाचं बी राखणार, म्हणजे पौषात सगळ्यांच्या पुड्यांत भेंडीच भेंडी निघायची नाही. हे पत्र त्याआधी छापावं, ही विनंती. माझ्याकडे दोडका आणि चवळी. गिलक्याला आमच्या गल्लीत अजून कुणी मिळालेलं नाही.

आपली एक वाचक,
लोकमान्य नगर, इंदूर